दीड मीटरवरून पडणारं डोकं

सायकल चालवताना हेल्मेट घालायचं की नाही, हा वाद पुण्यातल्या सायकल ग्रुपांपुरता कधीच मिटलाय. रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्याला जायचं तर हेल्मेट हवं, नसेल तर राइडला येऊ नका. नेदरलँड्समध्ये मात्र हा प्रश्न आत्ता कुठे मोठ्यानं विचारला जायला लागलाय. इथे माणसं १ कोटी ८० लाख आणि सायकली त्याहून जास्त, पण हेल्मेट शंभरात जेमतेम चार-पाच डोक्यांवर. २०२५ मध्ये सरकारनं ‘झेट एम ऑप’, म्हणजे ‘चढवा डोक्यावर’ अशी मोहीम काढली, तेव्हा अनेक डच लोकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सायकल चालवणं ही काय धोक्याची गोष्ट आहे का, असा त्यांचा सूर.

पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना पहिला धक्का बसतो तो पुढे लाकडी खोकं असलेल्या सायकलीचा. खोक्यात दोन पोरं, मागे किराणा, आई एका हातानं हँडल धरून चाललेली, आणि हेल्मेट कुणालाच नाही. मायदेशी सक्तीच्या विरोधात बोलणाऱ्यांना हे चित्र फार आवडतं. ‘बघा, जिथे सगळं गाव सायकलवर आहे तिथे कुणी घालत नाही.’ आणि हेल्मेटचे कट्टर पुरस्कर्ते म्हणतात, ‘त्यांचे रस्ते चांगले, त्यांना गरज नाही, आपल्याला आहे.’ दोन्ही बाजू एकाच ठिकाणी चुकतात. सायकलचं हेल्मेट ज्या प्रकारच्या पडण्यासाठी बनवलेलं असतं, तो प्रकार नेदरलँड्समध्ये पैशाला पासरी आहे. आणि पुण्यातल्या ज्या मरणाची सगळ्यांना भीती वाटते, त्यासाठी ते बनवलेलंच नाही.

हे समजायला प्रयोगशाळेत काय करतात ते पाहावं लागतं. युरोपात ईएन १०७८ हे मानक चालतं. हेल्मेटमध्ये धातूचं नकली डोकं बसवतात आणि साधारण दीड मीटरवरून सपाट ऐरणीवर टाकतात. आदळतानाचा वेग सेकंदाला ५.४२ मीटर, म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटर. मग फुटपाथच्या कडेसारख्या कोनाच्या ऐरणीवर सेकंदाला ४.५७ मीटरनं. आतला धक्का गुरुत्वाकर्षणाच्या २५० पटींच्या आत राहिला तर हेल्मेट पास. अमेरिकेतल्या सीपीएससी मानकात उंची २ मीटर आणि मर्यादा ३०० पट. परीक्षा एवढीच. डोक्याखाली धड नसतं आणि समोरून मोटार येत नसते. काम करतो तो थर्माकोलच्याच जातीचा, पण बराच घट्ट, दोन-तीन सेंटीमीटर जाडीचा फोम. तो चिरडला जातो आणि डोकं थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळतात. सगळी जादू त्या मिलिसेकंदांत आहे.

इथे एक गैरसमज होतो. ‘मी तर घाटातून चाळीसच्या वेगानं उतरतो, मग वीसच्या परीक्षेचा काय उपयोग?’ उपयोग आहे. खडीवर चाक घसरलं की वेगाचा मोठा भाग अंग फरफटण्यात जातो. डोकं जमिनीकडे येतं ते मुख्यतः आपल्या उंचीवरून. तेवढ्याच धक्क्याची ही परीक्षा आहे. मोटारीची धडक वेगळी. ताशी ५० च्या वेगानं डोकं काचेवर आदळलं तर ऊर्जा परीक्षेतल्यापेक्षा साडेसहा पटींच्या आसपास जाते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. फोम तिथे काही हिस्सा उचलतो, सगळा नाही. आणि डंपरच्या चाकाखाली कुठलंच हेल्मेट नाही.

आता डच पडणं कसं असतं ते बघू. रुग्णालयात जाणाऱ्या गंभीर जखमी सायकलस्वारांत बहुतेकांच्या अपघातात मोटार नसतेच. कडेला चाक घासलं, लाल डांबराच्या मार्गात मधोमध रोवलेला खांब दिसला नाही, ट्रामच्या रुळात टायर अडकला, उतरताना तोल गेला, दुसऱ्या सायकलीचं हँडल लागलं. त्यात सायकल आता बदलली आहे. विजेची सायकल २५ किलोच्या घरात, मोटर ताशी २५ पर्यंत साथ देते, आणि चालवणारे आजोबा ऐंशीचे, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घेणारे. अशा माणसाच्या डोक्याला साधा मार लागला तरी आत रक्तस्राव व्हायला वेळ लागत नाही. २०२२ साली इथे २९१ सायकलस्वार गेले, त्यांत म्हाताऱ्यांचा वाटा फार मोठा होता. हेल्मेटचा सल्ला द्यायला याहून योग्य गिऱ्हाईक जगात दुसरं नसेल. म्हणून डच मोहीम मला पटते. उशिरा आली, एवढीच तक्रार.

पण या देशानं हेल्मेटपासून सुरुवात केली नाही, हेही विसरता येत नाही. १९७१ मध्ये इथल्या रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले ते ‘बालहत्या थांबवा’ म्हणत, ‘मुलांना हेल्मेट द्या’ म्हणत नाही. पुढे वस्त्यांतून ताशी ३० ची मर्यादा आली, मोठ्या रस्त्यांना वेगळे सायकलमार्ग आले. वाहतूक कायद्याच्या १८५व्या कलमानं धडकेत भरपाईचा भार मोटारवाल्यावर टाकला. सायकलस्वार चौदाच्या आतला असेल तर जवळपास पूर्ण, मोठा असेल तर त्याची चूक असली तरी सहसा किमान निम्मा.

पुण्यात क्रम उलटा लागायची भीती आहे. कात्रज–स्वारगेट बीआरटीला, म्हणजे बसच्या वेगळ्या मार्गाला, लागून सायकल ट्रॅक आले, त्यांवर गाड्या लागल्या, टपऱ्या बसल्या. २०१७ मध्ये महापालिकेचा सर्वंकष सायकल आराखडा आला. अपघाताच्या बातमीत मात्र शेवटची ओळ ठरलेली: ‘सायकलस्वारानं हेल्मेट घातलं नव्हतं.’ काँक्रीटचा मिक्सर डावीकडे वळताना ड्रायव्हरला न दिसणाऱ्या बाजूला सापडलेल्या माणसाबद्दल ही ओळ लिहिणं म्हणजे बुडालेल्याच्या पायात चप्पल नव्हती असं लिहिण्यासारखं आहे. खड्डा, पट्टे न मारलेला गतिरोधक, वळणावरची खडी, चाकाला समांतर सळ्या असलेली गटाराची जाळी, मध्ये धावलेलं कुत्रं, यांनी पडणाऱ्याला हेल्मेट वाचवू शकतं, आणि पुण्यात असे पडणारे कमी नाहीत. तेवढ्यासाठी पुण्यात सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला मी हेल्मेट घाला असंच सांगेन. फक्त ‘म्हणजे तुम्ही सुरक्षित’ हे पुढचं वाक्य जोडणार नाही.

सक्तीचं म्हणाल तर ती नकोच. मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम मोटारसायकलसाठी आहे. पायडलच्या सायकलला ते लागत नाही, आणि २५० वॉटच्या आतल्या, ताशी २५ च्या आतल्या विजेच्या सायकलीही मोटार वाहनात मोडत नाहीत. दुचाकीच्या हेल्मेटसक्तीला मी पाठिंबा देतो, कारण तिथे वेग वेगळा आणि लायसन्स, नंबरप्लेट अशी यंत्रणा आहे. सायकलवर सक्ती आणली की काय होतं ते इतरांनी करून पाहिलंय. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यानं १ जुलै १९९० पासून सक्ती केली. मेलबर्नची भाड्याच्या सायकलींची योजना २०१० मध्ये सुरू झाली, ती रडतखडत २०१९ मध्ये बंद पडली. रस्त्यात सायकल उचलणाऱ्याच्या खिशात हेल्मेट कुठून असणार? अमेरिकेत सिएटल ज्या किंग काउंटीत आहे तिनं २०२२ मध्ये सक्ती रद्द केली, कारण दंडाच्या पावत्या बेघरांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या नावे जास्त फाटत होत्या. पुण्यात त्या कुणाच्या नावे फाटतील हे सांगायला नको. वॉचमन, दूधवाला, बांधकामावर जाणारा गवंडी. त्याची जुनी सायकल जेवढ्याला मिळते तेवढ्यालाच चांगलं हेल्मेट येतं.

खुद्द नेदरलँड्सचा ताजा अनुभवही तसाच. ताशी २५ च्या छोट्या मोपेडला १ जानेवारी २०२३ पासून हेल्मेट सक्तीचं झालं. पोरांनी मोपेड सोडली आणि जाड टायरच्या विजेच्या फॅटबाइक घेतल्या, कारण कायद्याच्या नजरेत त्या सायकलीच. त्यांतल्या अनेक खटपट करून ताशी २५ च्या कितीतरी पुढे पळवल्या जातात. डेन्मार्कनं सक्ती न करता वर्षानुवर्षं फक्त समजावलं. २००४ मध्ये तिथे शहरांत शंभरात सहा जण हेल्मेट घालत, आता निम्म्याच्या आसपास. ब्रिटननं २०२२ मध्ये आपल्या वाहतूक संहितेतलं वाक्यही मवाळ केलं: नीट बसलेलं हेल्मेट काही परिस्थितींत डोक्याच्या इजेचा धोका कमी करतं असं पुरावा सुचवतो. मला ते वाक्य आवडतं. ‘नीट बसलेलं’ आणि ‘काही परिस्थितींत’, दोन्ही शब्दप्रयोग मोलाचे.

कारण नीट न बसलेली हेल्मेटं पुण्यातही दिसतात आणि डच मोहिमेतल्या फोटोंतही. कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेलं हेल्मेट, माणूस तोंडावर पडला तर, काहीच झाकत नाही. भुवईच्या वर एक बोट टेप धरून डोक्याचा घेर मोजा, त्या मापाचं घ्या. कड भुवईच्या वर दोन बोटं, आडवी. मागची चकती आवळली की पट्टा न लावताही मान हलवल्यावर ते हलू नये. दोन्ही पट्ट्यांचं इंग्रजी व्ही कानाच्या पाळीखाली जुळलं पाहिजे, हनुवटीखाली एक बोट जाईल एवढीच जागा. आंबाडा किंवा उंच पोनीटेल आत कोंबलं तर कड वर उचलली जाते. मोटारसायकलचं हेल्मेट सायकलला नको. किलोभर वजन, उकाडा, आणि मागचा हॉर्न ऐकू येत नाही. घेताना आत ईएन १०७८ किंवा सीपीएससी छापलंय का पाहा. नुसत्या ‘सेफ्टी’ लिहिलेल्या स्टिकरला अर्थ नाही. एकदा जोरात आदळलं की टाकून द्या, चिरडलेला फोम परत फुगत नाही, बाहेरून कितीही चकचकीत दिसो. घाम साध्या साबणानं धुवा, थिनर-पेट्रोल लावू नका, आणि मे महिन्यात मोटारीच्या काचेखाली ठेवू नका.

लहान मुलांचं आणखी एक. सायकलवरून उतरलं की आधी हेल्मेट काढायचं, मग झोका-घसरगुंडी. पट्टा खेळण्याच्या फटीत अडकून गळफास बसलेला आहे. म्हणूनच युरोपात छोट्यांसाठी ईएन १०८० हे वेगळं मानक आहे, ज्याचं बक्कल जोराचा ताण आला की आपोआप सुटतं.