घोडेस्वार सुट्टा हवा

चेक देशात युरो नाही, कोरुना चालतो, हे आम्हाला म्युनिकहून बस सुटल्यावर कळलं. लेकाने दोन दिवसांच्या प्राग सहलीचा तासवार कागद हातात दिला होता. किल्ला, पूल, घड्याळ, ट्राम, सगळं होतं. पाच तासांच्या बसनंतर साठीच्या बाईला आधी काय लागतं, तेवढं नव्हतं.

स्वच्छतागृहाच्या दारात फिरतं लोखंडी फाटक आणि शेजारी नाणं टाकायची फट. वीस कोरुना. म्हणजे सत्तर-ऐंशी रुपये. हिशेब करायची ती वेळ नव्हती, पण सवय जात नाही. आमच्याकडे एटीएमने दिलेली दोन हजारांची कोरी नोट. आतल्या बाईंनी ती पाहून मान हलवली. "सुट्टे द्या"ला चेक भाषेत काय म्हणतात देव जाणे, पण ती मान थेट आपल्या एसटीच्या कंडक्टरची होती.

मग नोट मोडायला पाण्याची बाटली घेतली. सुट्टे आले, काम झालं. पण विकतचं पाणी फेकणार कोण? "संपव गं, केवढ्याला पडलंय माहितेय ना?" हे म्हणाले. संपवलं. तासाभरात पुन्हा वीस कोरुना. मोडायला पुन्हा बाटली.

एव्हाना त्या नाण्याशी माझी चांगली ओळख झाली होती. पिवळं, तेरा कडांचं, वर घोड्यावर बसलेला संत वेन्सेस्लास. अंधारातही बोटांना कळायचं.

चार्ल्स पुलावर यांची कळी खुलली. सम्राट चौथ्या चार्ल्सने म्हणे पायाभरणीला ज्योतिषांकडून वेळ काढून घेतली होती: १३५७ साल, नववी तारीख, सातवा महिना, पहाटेचे ५ वाजून ३१ मिनिटं. ओळीने लिहा, १३५७९७५३१. उलटसुलट सारखंच! "बघ, मुहूर्त इथेही बघतात." तीस पुतळ्यांपैकी प्रत्येकापाशी यांना फोटो हवा होता. मी मात्र पुलाचं दुसरं टोक किती लांब आहे ते बघत होते.

दुसऱ्या दिवशी जुन्या चौकातलं घड्याळ. १४१० सालचं. तबकडीवर बारा राशी, चंद्राच्या कला, शिवाय सूर्यास्तापासून मोजलेले तास. भिंतीला टांगलेलं पंचांगच ते! सकाळी नऊपासून दर तासाला घड्याळावरचा सांगाड्याचा पुतळा घंटा ओढतो आणि वरच्या दोन खिडक्यांतून येशूचे बारा प्रेषित, म्हणजे त्यांचे पुतळे, फिरून जातात. दुपारी बाराचा खेळ बघायचा म्हणून पाऊण तास आधी जाऊन अगदी पुढची जागा धरली. बाराला पाच कमी असताना सकाळची बाटली बोलू लागली.

"अहो, जागा धरा," म्हणून मी पळाले. फाटकाशी पर्स उपसली. एकाची नाणी, दोनाची, पाचाची, सगळी होती. घोडेस्वार तेवढा नव्हता. शेवटी अस्तराच्या फाटक्या शिवणीत सापडला. आत असताना घंटा ऐकली, गर्दीचं "आऽऽ" ऐकलं, आणि शेवटी दम लागल्यासारखा आरवणारा घड्याळावरचा तो सोनेरी कोंबडाही ऐकला.

यांनी व्हिडिओ काढला होता. त्यात एका उंच माणसाची मान होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"एकला पुन्हा असतं," हे म्हणाले. "तोवर कुठेतरी बसू. इथे बिअर पाण्यापेक्षा स्वस्त पडते."

मी पुन्हा पर्स चाचपली. अस्तरात अजून एक तेरा कडांचं लागलं. एकच.