बालवाडीतील माती, खेळ आणि सहली: फिरत्या संदेशाला उत्तर

प्रवेशाचे दिवस आले की नाशिकमधील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा: ज्या बालवाडीत मुले मातीत खेळतात आणि वरचेवर बाहेर नेली जातात, तिथे भरलेली फी वाया जाते, पाचव्या वर्षी लिहिता-वाचता न येणारे मूल पहिलीत मागे पडते, निसर्गातून शिक्षण हे परदेशी खूळ आहे, मातीने मुले आजारी पडतात, आणि सहल म्हणजे बुडालेला दिवस. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांची काळजी खरी आहे, म्हणूनच त्याला मुद्देसूद उत्तर देणे मला गरजेचे वाटते.

लेखनाचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण बाकीची भीती त्यातूनच जन्मते. मनगटातील आठ लहान हाडे जन्माच्या वेळी कूर्चेच्या रूपात असतात आणि पुढील काही वर्षांत एकामागून एक पक्की होत जातात. सहा वर्षांच्या मुलातही ही वाढ पूर्ण झालेली नसते. अशा हाताकडून चार रेघी वहीत पानेच्या पाने गिरवून घेतली, तर मूल पेन्सिल आवळून धरू लागते, त्याचा हात दुखतो आणि लेखनाविषयी नावड तयार होते. माती मळणे, चिंचोके निवडणे, ओल्या वाळूत बोटाने रेघा ओढणे, भरलेला तांब्या न सांडता नेणे या कामांतून बोटांना बळ येते आणि हालचालींवर ताबा येतो. लेखनाची खरी पूर्वतयारी ती हीच. वाचनाचेही तसेच आहे. ज्या मुलाने वडाची पारंबी हाताळली आहे, ते ‘पारंबी’ हा शब्द वाचताना कदाचित अडखळेल, पण त्याचा अर्थ त्याला कुणी सांगावा लागणार नाही. शालेय अभ्यासाच्या ओझ्यावर विचार करण्यासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्येच शालापूर्व वयात औपचारिक वाचन, लेखन आणि अंकगणित लादणे ही मुलांवरील हिंसा मानली होती, आणि नर्सरी प्रवेशाच्या चाचण्या व मुलाखती बंद करण्याची शिफारस केली होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिलीच्या प्रवेशासाठीही मुलाची किंवा पालकांची चाचणी घेता येत नाही. तरीही कुणी ती घेत असेल, तर जाब त्या शाळेला विचारायला हवा. त्यापायी मुलाचे खेळणे कमी करणे हा उपाय नव्हे.

परदेशी खुळाच्या आक्षेपाला फार शब्द लागत नाहीत. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. पाने, बिया, शंख-शिंपले हीच तिथली शैक्षणिक साधने होती, आणि गुरे राखणाऱ्या थोड्या मोठ्या मुलांसाठी तर कुरणशाळा भरली. महागड्या साधनांवाचून, गरीब मुलांसाठी, मराठी मातीत घडलेले हे काम आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांच्या टप्प्यासाठी खेळ आणि कृती यांवर आधारलेले शिक्षण स्वीकारले, तेव्हा महाराष्ट्राला त्यात नवे असे फारसे नव्हते.

आजारपणाच्या मुद्द्यात तथ्य आहे, आणि ते मान्य केले पाहिजे. कुत्र्या-मांजरांची विष्ठा पडणाऱ्या मातीत जंतांची अंडी असू शकतात. त्यासाठी खेळाची वाळू झाकून ठेवणे, खेळानंतर साबणाने हात धुणे, नखे कापणे, जंतनाशक गोळी आणि धनुर्वाताची लस वेळेवर देणे हे उपाय आहेत. मुलांना घरात कोंडण्याची किंमत मात्र डोळ्यांना मोजावी लागते. चीनमधील ग्वांगझोऊ येथे पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे अधिक बाहेर नेले, तेव्हा तीन वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के मुलांना लघुदृष्टी, म्हणजे दूरचे धूसर दिसण्याचा दोष, आली, तर नेहमीच्या वेळापत्रकातील मुलांत हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

राहता राहिली सहल. मुलांना बसमध्ये बसवून वॉटर पार्कला नेणे ही करमणूक आहे. त्या दिवसाचे शैक्षणिक मोल विचारणाऱ्या पालकांशी मी सहमत आहे. पण नाशिकमध्ये त्याहून जवळचे आणि अर्थपूर्ण कितीतरी आहे. पूर ओसरल्यावर गोदाकाठी दुतोंड्या मारुतीचा उंच पुतळा दाखवावा आणि पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत आले होते की कमरेपर्यंत, हे विचारावे; मोजमापाची पहिली ओळख मुलांना तिथे होते, आणि सारे शहर पुराचे पाणी असेच मोजते हेही कळते. एकच द्राक्षबाग ऑक्टोबरच्या छाटणीनंतर आणि पुन्हा फेब्रुवारीत पाहिली, तर उघड्या काडीपासून भरलेल्या घडापर्यंतचा क्रम मुले स्वतः सांगू लागतात. बागेत नेण्यापूर्वी फवारणी केव्हा झाली हे बागाईतदाराला विचारलेच पाहिजे, आणि न धुतलेला मणी तोंडात जाऊ देता कामा नये. पांडवलेण्यांच्या पायथ्याचे वनोद्यान किंवा शाळेजवळचा भाजीबाजारही तेवढाच उपयोगी आहे. नांदूरमध्यमेश्वर अभयारण्यातील पक्षी सुंदर खरे, पण चार वर्षांच्या मुलांसाठी तो प्रवास लांबचा आहे. ते थोड्या मोठ्या वयासाठी ठेवावे.

बालवाडी निवडताना पालकांनी सहलींची संख्या विचारू नये. मुलांना कुठे नेता, निघण्यापूर्वी त्यांच्याशी काय बोलता, परतल्यावर त्यांना काय सांगू, काढू आणि घडवू देता, आणि रस्ता ओलांडताना एका ताईकडे किती मुले असतात, हे विचारावे.