सूचनापेटीचं भोक

आमच्या विद्यापीठात (कोल्हापुरात आता विद्यापीठं एकापेक्षा जास्त झालीत, उगाच नाव शोधत बसू नका) नवोपक्रम सूचना योजना आली. शिपायापासून प्राध्यापकापर्यंत कुणीही कल्पना द्या, निवडली गेली तर पाचशे रुपये आणि श्रीफळ. उद्घाटनाला एक साहेब तासभर बोलले. जपानात 1721 मध्ये योशिमुने नावाच्या शोगुनने लोकांसाठी पेटी ठेवली, तिच्यातल्या एका डॉक्टरच्या चिठ्ठीवरून गरिबांचा दवाखाना निघाला. 1898 ला कोडॅकमध्ये एका कामगाराने खिडक्या धुवा म्हणून सुचवलं, त्याला दोन डॉलर मिळाले. मागून कोणतरी पुटपुटलं, "आमच्या खिडक्या नुसत्या उघडल्या तरी बास की."

मी मात्र भारावलो. तिथंच चुकलं.

पेटी बघायला गेलो. पत्र्याची, हिरवा ऑइलपेंट, नवं कोरं कुलूप, आणि वर भोक किती, तर पोरांच्या गल्ल्याला असतं तेवढं. फॉर्म चार पानी, स्टेपल मारलेला. घडी घातली की जाड होतो, उघडा ठेवला की रुंद होतो, आणि कसाही धरला तरी आत जात नाही. मला जी पहिली अस्सल कल्पना सुचली ती हीच, की भोक मोठं करा. आता ही सूचना टाकायची कशात?

शेवटी आवक-जावकला हातात नेऊन दिली. क्लार्कने पानं उलटली. "सर, वार्षिक बचत रुपयांत लिहिली न्हाई. आन ही कल्पना आधी कुणाला सुचली नव्हती ह्याचा दाखला जोडा." हा दाखला तलाठी देतो का तहसीलदार, मी विचारलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "ते परिपत्रकात न्हाई."

खरं सांगू का, ह्या जिल्ह्याला कल्पनांची कमी कधीच नव्हती. नदीत दगडी खांब उभे करायचे, पावसाळा संपला की मधे बर्गे, म्हणजे फळ्या, घालून पाणी अडवायचं, पाऊस आला की काढून घ्यायचे. त्याला आज सगळीकडं कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात. त्याच्यासाठी कुणी बचतीचा रकाना भरला असेल असं मला तरी वाटत नाही. आमचे शिपाई मामा पण त्याच जातकुळीचे. पंख्याच्या रेग्युलेटरला बाटलीचं टोपण, गळक्या कूलरला सायकलची ट्यूब. फॉर्म कधी बघितलेला नाही.

तर मामांनी माझी रड ऐकली, "एवढंच व्हय?" म्हणाले, आणि करवतीचं पातं घेऊन दुपारच्या सुट्टीत भोक दोन इंच वाढवलं. कडेला कापू नये म्हणून वायरचं प्लास्टिक सोलून चिकटवलं. काम जाळ आणि धूर संगटच! मी माझा फॉर्म आत टाकला, धप्पकन आवाज आला, फार बरं वाटलं.

चौथ्या दिवशी मामांना मेमो. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद असलेल्या वस्तूची मोडतोड, तीन दिवसात खुलासा. खुलासा अर्थात मीच लिहून दिला.

मग दोन महिन्यांनी समितीने पेटी उघडली. केएमटी बसची तिकिटं, एक लग्नपत्रिका, शेंगदाण्याच्या पुडीचा कागद, आणि माझा फॉर्म. एकमेव पात्र सूचना म्हणून तो एकमताने मंजूर, आणि अंमलबजावणीचा समन्वयक कोण, तर मीच! भोक मोठं करायला तीन कोटेशनं मागवली, उद्यमनगरात तीन चकरा झाल्या, तिथल्या वेल्डरने पेटी उलटीसुलटी करून माझ्याकडं असं बघितलं की मीच खजील झालो. "सायेब, हे झालंय की."

तसंच अकाउंट्सला सांगितलं. ते म्हणाले, वर्क ऑर्डर निघालीय, रक्कम मार्चच्या आत खर्ची पडली पाहिजे, आणि आधीचा-नंतरचा असे दोन फोटो लागतील. आधीचा फोटो आणू कुठनं?

मामा दारात उभे राहून ऐकत होते. पेटी काखेत मारली आणि गाडीची किल्ली मागितली.

"चला सर, आधी भोक बारीक करून आणू."