वजन कमी म्हणून तो पदार्थ आधी संपत नाही

“ज्याचं वजन कमी, तोच लिमिटिंग रीएजंट. मोल काढत बसू नका!” लिमिटिंग रीएजंट म्हणजे रिॲक्शनमध्ये आधी संपणारा पदार्थ, आणि मोल म्हणजे कणांची ठराविक संख्या मोजायचं एकक. प्रेसिपिटेशनची, म्हणजे द्रावणं मिसळून तळाशी साका बसण्याची, गणितं पाच सेकंदांत सोडवायच्या चार युक्त्या सांगणारी एक रील सध्या फिरतेय. अकरावीतल्या भाचीने त्या चारही युक्त्या वहीत उतरवून घेतल्या, म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

ही पहिली युक्ती धडधडीत चूक आहे. 10 ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट आणि 5 ग्रॅम मीठ, दोन्ही पाण्यात विरघळवून एकत्र केले. रीलच्या मते मीठ आधी संपणार. तसा हिशोब केला तर सिल्व्हर क्लोराइडचा साका येतो 12.26 ग्रॅम. त्यात चांदी असते 9.23 ग्रॅम. पण आपण घातलेल्या नायट्रेटमध्ये चांदी आहेच मुळी 6.35 ग्रॅम! वरची जवळजवळ 3 ग्रॅम चांदी आली कुठून? आता वजनाला एका मोलच्या वजनाने नीट भागा; इथे एका मोल नायट्रेटला एक मोल मीठ लागतं. 10 भागिले 169.87 म्हणजे 0.0589 मोल नायट्रेट. 5 भागिले 58.44 म्हणजे 0.0856 मोल मीठ. वजनाने दुप्पट असलेलं नायट्रेटच आधी संपतं. साका 8.44 ग्रॅम मिळतो, दीड ग्रॅम मीठ पाण्यात तसंच उरतं. हार्वर्डच्या थिओडोर रिचर्ड्स यांनी सिल्व्हर क्लोराइड आणि ब्रोमाइडचे असेच साके तोलून कितीतरी मूलद्रव्यांचे अणुभार ठरवले. अणुभारांच्या अचूक मोजमापासाठीच त्यांना 1914 चं नोबेल मिळालं. साक्याचं वजन मोलच्या प्रमाणात बांधलेलं नसतं, तर हे काम उभंच राहिलं नसतं.

दुसरी युक्ती: “कॉन्सन्ट्रेशन सारखं असेल तर दोन्ही द्रावणं समान घ्या.” लेड नायट्रेटच्या एका मोलला पोटॅशियम आयोडाइडचे दोन मोल लागतात. 0.1 मोलरची (लिटरला 0.1 मोल) 50-50 मिली द्रावणं मिसळली की पिवळाधमक साका खाली बसतो, पण सुमारे अर्धं शिसं वरच्या नितळ पाण्यातच राहतं. प्रयोग झाला म्हणून मुलं ते पाणी बेसिनमध्ये ओततील. शिसं विषारी आहे, हे तरी रील बनवणाऱ्याला ठाऊक असावं.

तिसरी, “एक रीएजंट भरपूर जास्त घाला.” यात थोडं तथ्य आहे, मान्य. किंचित जास्त घातलं की कॉमन आयन इफेक्टमुळे (साक्यातलाच एक आयन पाण्यात आधीच जास्त असल्याने) साका कमी विरघळतो. पण ‘भरपूर’ नाही. मर्क्युरिक आयोडाइडचा नारिंगी-लाल साका जादा पोटॅशियम आयोडाइडमध्ये विरघळून दिसेनासा होतो. मग तोलणार काय?

चौथी, सिल्व्हर नायट्रेटच्या मोलचं वजन 169.87 ऐवजी 170 धरायची. परीक्षेत खुशाल धरा.