एसी बंद कर, चढ आला!

छोटी गाडी एकटा माणूस चालवत नाही. माझ्या हातात फक्त स्टिअरिंग. बाकी सगळा कारभार घरच्यांचा. फोंड्याहून पणजीला निघालो आणि फर्मागुडीचा चढ दिसला की मागच्या सीटवरून आत्या हुकूम सोडते, "एसी बंद कर रे, चढ आला!" आत्या शाळेत संस्कृत शिकवायची, पण यंत्रशास्त्र तिचं चोख आहे. हजार सीसीच्या आतलं तीन सिलिंडरचं इंजिन, ताकद ४७-४८ हॉर्सपॉवर, आणि तीही ६००० आरपीएमला, म्हणजे इंजिन बोंब मारायला लागल्यावर. त्यातला वाटा एसीच्या कंप्रेसरने उचलला की उरलेल्यावर पाच माणसं ओढायची. अशा गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की बऱ्याचदा कंप्रेसर आपोआप बंद होतो, हे मी एकदा सांगून पाहिलं. "तरी बंद कर," आत्या म्हणाली.

उन्हाळ्यात हे चालून जातं. पावसाळ्यात खरी गंमत. एसी बंद झाला की काचांवर आतून वाफ धरते, कारण गाडीत पाच जण श्वास घेत असतात आणि शिवाय आत्या बोलतही असते. एसी लावावा तर दिसतं, पण गाडी चढत नाही. बंद करावा तर चढते, पण कुठे चढतेय ते दिसत नाही. यावर उपाय म्हणजे काका आणि फडकं. गुडघ्यांच्या हक्काने पुढची सीट काकांची. ते आपल्या बाजूची काच पुसतात, मग माझी, आणि नेमक्या वळणावर त्यांचं कोपर माझ्या नाकासमोर येतं. पुसता पुसता सांगतात, "आमच्या मारुती ८०० मधून आम्ही सात जण रामनाथीला जायचो." ती गाडी १९८३ च्या डिसेंबरात आली. काकांच्या मते त्यानंतर देशात गाडी झालीच नाही.

एकटा असलो की मात्र हीच गाडी काय पळते! चाळीसच्या वेगाला सत्तरचा थरार, कारण रस्त्यावरचा प्रत्येक खडा थेट पाठीच्या मणक्याला कळतो. पणजीच्या 'अठरा जून' नावाच्या रस्त्यावर भाड्याच्या उंच जीपा, काळ्या पाटीवर पिवळे आकडे मिरवत, पार्किंगसाठी घिरट्या घालत असतात. मी दोन गाड्यांमधल्या फटीत अलगद शिरतो. मग दार पुरतं उघडत नाही, पोट आत घेऊन बाहेर यावं लागतं, तो भाग सोडा.

जुलैत गाडी आठवडाभर उभी राहिली की सीटबेल्टवर पांढरी बुरशी येते. पांढऱ्या शर्टात बसलं तर लक्षातही येत नाही.

पण गाडीची कसोटी गणपतीच्या चवथीला. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचं, सामान आणायला बाणस्तारीच्या बाजारात सगळ्यांनीच जायचं असतं. येताना डिकीत नारळ आणि भोपळा, मागच्या तिघांच्या मांडीवर केळ्यांचा घड, सुपारीचे घोस काकांच्या गळ्यापर्यंत, आणि आंबाडे पिशवीतून निसटून माझ्या ब्रेकच्या दिशेने. एवढ्या वजनाने गाडीचं बूड रस्त्याला टेकायला आलेलं. दर गतिरोधकाला मी म्हणतो, "उतरा." सगळे उतरतात, गाडी पार होते, सगळे पुन्हा चढतात. मागचे हॉर्न मारणारे आता ओळखीचे झालेत.

आमच्या वाड्याची वाट दोन दगडी गडग्यांमधून जाते. शेजाऱ्यांनी यंदा मोठी सात सीटांची गाडी घेतली. ती देवळापाशीच थांबते, पुढे मावत नाही. भर पावसात ते माटोळीचं सामान घेऊन उभे होते. मी काच खाली करून दिलगिरीचा चेहरा करणार, एवढ्यात केळ्यांच्या घडाआडून आत्याचा आवाज आला, "द्या हो इकडे, मस्त जागा आहे. आणि तुम्हीही बसा!"