मराठीतली अडचण ‘बी-डी’ची नाही

डिस्लेक्सियावरच्या (वाचन-लेखनात येणाऱ्या अडचणीवरच्या) एका लेखात उदाहरण म्हणून इंग्रजी ‘बी-डी’ची, म्हणजे b आणि d या अक्षरांची, गल्लत दिलीय. मराठी वर्गात मुलं अडखळतात ती वेगळ्याच जागी. पहिली वेलांटी लिहितात अक्षराआधी, उच्चार होतो नंतर. म्हणून ‘कविता’चं ‘किवता’ होतं. रफार तर आणखी फसवा: ‘सूर्य’मध्ये र आधी ऐकू येतो, पण बसतो य च्या डोक्यावर. त्यात ‘क्रम’ आणि ‘ट्रक’मधला र पुन्हा निराळा.

अशा वेळी शब्द दहादा लिहायला लावणं फुकट. चूकच पक्की होते. आधी शब्द तोंडी तोडायचा (क-वि-ता), प्रत्येक तुकड्याला एक टिचकी, मग वेलांटी आणि तिचं अक्षर एकाच रंगात, एकाच कार्डावर. एका बैठकीत पाच-सहा शब्द पुरेत. घ-ध, भ-म या जोड्या एकाच आठवड्यात शिकवू नका. एक पक्कं झाल्यावरच दुसरं.

फळ्यावरून उतरवून घेण्याऐवजी छापील टिपण द्या, अक्षर मोठं, ओळी सुट्या. इतिहास-विज्ञानात शुद्धलेखनाचे गुण कापायचे कशाला? आणि तयारीशिवाय सगळ्यांसमोर वाचायला उभं करू नका. उतारा आदल्या दिवशीच द्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया त्यातच येतो) आहेच, पण यातल्या कशालाच अक्षमतेच्या प्रमाणपत्राची वाट पाहावी लागत नाही.