नाताळच्या गाण्यावरून

भाचीची मुलगी मिरजेच्या शाळेतून आली ती नाताळचं गाणं म्हणतच. भाचीने कौतुकाने क्लिप घरच्या ग्रुपवर टाकली आणि तीन दिवस नुसती जुंपली. "आज गाणं, उद्या गळ्यात क्रूस. आत्ताच दाखला काढा," हे आमच्या दादांचं. सांगलीच्या मामेभावाचं दुसरंच टोक: शाळेत कुठलाच देव नको, मनाचे श्लोकही नकोत.

मला कुणी विचारलं नाही, याचा राग आला. अकरा वर्षं मी इंग्लंडात, लेस्टरजवळच्या चर्चच्या प्राथमिक शाळेत इयर फोरला, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांना शिकवते, धर्माचा तासही मीच घेते. मंगळवारी असेंब्लीला विकर, म्हणजे चर्चचे धर्मगुरू येतात, मुलं डोळे मिटतात. पहिलं वर्षभर 'आमेन'च्या वेळी मी ओठ मिटून उभी राहायचे. आता म्हणते. देवघरातला गणपती आहे तिथेच आहे.

इथे १९४४च्या कायद्याने सरकारी मदतीच्या शाळांत हा तास सक्तीचा केला आणि मुलाला त्यातून काढून घ्यायची मुभाही आईबापांना दिली. माझ्या वर्गातून आजवर दोघांनी काढलं. हे लोक असं का करतात, हे विचारायचा तो तास. कपाटातल्या पेटीत पूजेचं ताट आणि पितळी घंटा असते. दिवाळीच्या धड्याला एका मुलाने घंटा उचलून विचारलं, "मिस, देव झोपलेला असतो का?" मी म्हटलं, देव जागाच असतो, आपलं लक्ष जागं व्हावं म्हणून वाजवतात. त्याने ती एकदाच, हलके वाजवली. तीस मुलं आवाज विरेपर्यंत गप्प बसली. दादा, त्याची आई दाखला मागायला आली नाही.

आणि आपल्या घटनेत कलम २८ आहेच. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून मुलाला धर्मशिक्षणाला वा उपासनेला बसवता येत नाही. एक चिठ्ठी द्यायची, संपलं. दादांचा स्वतःचा जन्म मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातला, डॉ. वानलेसांनी उभारलेल्या. खाटेशेजारी प्रार्थना म्हणणाऱ्या सिस्टरला आईने हात जोडले होते, हे आईच सांगायची. मामेभावालाही विचारते, कुठलाच देव नको तर मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं का होतं, हे पोरांना कोण सांगणार?

एवढं सगळं ग्रुपवर लिहिलं. एक लिहिलं नाही. मागच्या डिसेंबरात मुलाला घेऊन सांगलीच्या गणपती मंदिरात गेले होते. सोळा वर्षांचा आहे, जीसीएसईला, म्हणजे इकडच्या दहावीला, ट्रिनिटीवर, पिता-पुत्र-पवित्र आत्मा या त्रयीवर, पानभर लिहितो. गाभाऱ्यासमोर त्याने इंग्रजीत विचारलं, प्रदक्षिणा कुठल्या बाजूने घालायची? मागची बाई थांबून आमच्याकडे बघत राहिली. वर्षाला तीस परकी मुलं माझ्याकडून हे शिकतात. घरी मी दमून येते, आणि हा राहून गेला. मला त्या बाईचाही राग आला, आणि आपण आता इथले पाहुणे, हेही तिथेच कळलं.

काल रात्री ती क्लिप पुन्हा लावली. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भजनं अभंगाच्या वळणाने लिहिली, अखेरची वर्षं साताऱ्यात काढली. पोरीचं गाणंही तसंच, टाळ्यांवरचं, शुद्ध मराठी. दादांच्या ते लक्षातच आलं नाही. शेजारी बसलेल्या मुलाने दोनदा ऐकलं आणि विचारलं, "आई, 'गव्हाणी' म्हणजे काय?"